लॉग लिहिण्यात अडकून वेब ॲप गोठतं : यावर तुम्ही काय करता?

वळीव | सोमवार, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी,

गेले काही आठवडे एका दुखण्याने पिच्छा पुरवला आहे : लॉग, म्हणजे ॲप स्वतःच्या कामाची ओळी-ओळींनी ठेवतं ती नोंद, लिहिताना ॲप गोठतं. मूळ कुठे आहे ते बऱ्यापैकी सापडलंय, पण उपाय ठरवताना आमच्या टीममध्ये दोन तट पडलेत, म्हणून धागा काढतोय.

ॲप मालवाहतुकीच्या बुकिंगचं आहे. पायथन, फास्टएपीआय (वेब फ्रेमवर्क), युव्हिकॉर्न (ते चालवणारा सर्व्हर), सगळं डॉकर कंटेनरमध्ये (मशीनवरचा ॲपसाठीचा वेगळा कप्पा). सकाळी आडते आणि ट्रान्सपोर्टवाले एकदम तुटून पडतात, तेव्हा ॲप मध्येच काही सेकंद गप्प बसतं. एखादीच रिक्वेस्ट नाही, सगळ्याच. डेटाबेसला हातही न लावणारा हेल्थ चेकसुद्धा उत्तर देत नाही. मग अचानक अडकलेली सगळी उत्तरं धडाधड बाहेर पडतात. त्या वेळात सीपीयू जवळपास रिकामा असतो, स्लो क्वेरी लॉगमध्ये काही नसतं, मेमरीही ठीक.

गोठलेलं असताना पाय-स्पायने (चालू पायथन प्रोग्रॅम कुठल्या फंक्शनमध्ये उभा आहे ते दाखवणारं साधन) डंप घेतले. मुख्य थ्रेड (प्रोग्रॅममधला कामाचा मुख्य प्रवाह) दर वेळी एकाच ठिकाणी उभा. सगळ्यात वर स्ट्रीमहँडलरचं फ्लश, त्याखाली एमिट, त्याखाली लॉगरचं इन्फो आणि तळाशी आमचं बुकिंगचं फंक्शन. म्हणजे 'बुकिंग मिळालं' एवढी ओळ लिहायला थ्रेड थांबलाय, आणि इव्हेंट लूप (सगळ्या रिक्वेस्ट आळीपाळीने हाताळणारं चक्र) एकच असल्यामुळे त्याच्यामागे अख्खं गाव थांबलंय.

एक गट म्हणतो, लॉग वेगळ्या थ्रेडवर टाका आणि विषय संपवा. दुसरा गट म्हणतो, तसं केलं तर प्रोसेस मरताना नेमक्या हव्या त्याच ओळी हरवतील. मला दोन्ही पटतं, तिथेच अडलोय. तुमच्याकडे काय केलंत?

आडवाट | सोमवार, रात्री ९:५५

डंप घेतलात हे फार बरं केलंत. बहुतेक जण इथे डेटाबेसच्या मागे लागतात आणि महिना घालवतात.

थ्रेड नेमका कशावर थांबलाय ते आधी पक्कं करा. ॲप पुन्हा गोठलं की होस्टवर त्या प्रोसेसची प्रोकमधली डब्ल्यूचॅन फाइल (प्रोसेस कशावर थांबलीय ते सांगणारी) वाचा. तिथे पाइप_राइट दिसलं तर अंदाज खरा.

कंटेनरमधलं स्टडआउट (प्रोग्रॅमचं नेहमीचं आउटपुट) ही फाइल नसते, तो पाइप असतो, म्हणजे दोन प्रोसेसना जोडणारी नळी. एका टोकाला तुमचं ॲप लिहितं, दुसऱ्या टोकाला डॉकरचा डीमन (पार्श्वभूमीत चालणारी त्याची प्रोसेस) वाचतो, प्रत्येक ओळीला जेसनचं (डेटा मजकुरात मांडायचा साचा) वेष्टण घालतो आणि डिस्कवरच्या फाइलीत टाकतो. लिनक्समध्ये या पाइपची क्षमता डीफॉल्टने ६४ केबी. वाचणारा रेंगाळला आणि ६४ केबी भरले, की पुढचा राइट जागा होईपर्यंत परत येत नाही. यात बिघाड काहीच नाही, पाइपने असंच वागायचं असतं. डॉकरची लॉगची डीफॉल्ट पद्धतही ब्लॉकिंगच, म्हणजे लिहिणाऱ्याला थांबवून ठेवणारीच आहे.

आता वाचणारा का रेंगाळतो? तो फाइलीत लिहितो ते आधी कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीत जातं, म्हणून एरवी चुटकीसरशी होतं. पण डिस्कवर न पोचलेली पानं साचत गेली की कर्नल उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांना पार्श्वभूमीत लिहायला सुरुवात करतो, आणि २० टक्क्यांची मर्यादा जवळ आली की लिहिणाऱ्या प्रोसेसलाच आवरून धरतो (डर्टी बॅकग्राउंड रेशो आणि डर्टी रेशो, दोन्हींची ही डीफॉल्ट मूल्यं). डिस्क मंद असेल तर डीमन तिथे अडकतो, पाइप भरतो आणि तुमचा लूप उभा राहतो. ॲपने डिस्कला हातही लावलेला नसतो, तरी ते डिस्कसाठी थांबलेलं असतं.

तीन प्रश्न. लॉगची एक ओळ साधारण किती मोठी? डिस्क कुठल्या प्रकारची? त्याच डिस्कवर आणखी कोण लिहितं? आणि होस्टचा कर्नल ४.२० किंवा नंतरचा असेल तर प्रोक/प्रेशर/आयओ बघून ठेवा. आयओसाठी किती वेळ खोळंबा झाला ते टक्क्यांत सरळ मिळतं.

वळीव | सोमवार, रात्री १०:३०

आडवाट, मनापासून आभार. बघितलं. पाइप_राइटच आहे.

ओळीचा आकार मोजला आणि चमकलो. मागच्या रिलीजपासून प्रत्येक बुकिंगचा पूर्ण जेसन लॉगमध्ये जातोय. गाड्यांची यादी, मालाचे प्रकार, पत्ते, सगळं. एक ओळ सहा-सात केबीची. म्हणजे जेमतेम दहा ओळींत पाइप भरतो!

डिस्क क्लाउडवरची छोटी, बर्स्ट क्रेडिटवाली. लॉग फॉरवर्ड करणारा एजंट आणि डॉकरच्या इमेजेस त्याच डिस्कवर.

आडवाट | सोमवार, रात्री १०:४५

मग सकाळचं कोडं सुटलं म्हणायचं. बर्स्टवाल्या डिस्कचं गणित कसं असतं ते एडब्ल्यूएसच्या जीपी२ प्रकारावरून कळतं, कारण ते उघड छापलेलं आहे. दर जीबीला ३ आयओपीएस (सेकंदाला किती वेळा लिहिता-वाचता येतं तो आकडा), कमीत कमी १००. छोट्या डिस्कला बर्स्टमध्ये (साठलेलं क्रेडिट खर्चून थोडा वेळ मिळणारा वेग) ३,००० पर्यंत जाता येतं आणि क्रेडिटची पूर्ण थैली ५४ लाखांची. ५४ लाखांना ३,००० ने भागा, तीस मिनिटं येतात. तीस मिनिटं ३,००० च्या वेगाने धावल्यावर २० जीबीची डिस्क एकदम १०० वर येते. तुमचा क्लाउड वेगळा असला तरी हिशोबाची तऱ्हा बहुधा हीच असणार. रात्रभर क्रेडिट साठतं, सकाळच्या गर्दीत संपतं, म्हणून दुपारी कितीही टेस्ट केल्या तरी काही सापडत नाही.

मृगशीर्ष | मंगळवार, सकाळी ७:४०

जावावाल्यांनी हे सगळं फार पूर्वी भोगलंय. जुन्या लॉगफोरजे १ (जावाची लॉग लायब्ररी) च्या काळात जेस्टॅक (जावाचा असाच डंप) काढला की शंभर थ्रेड 'ब्लॉक्ड' आणि सगळे कॉलअपेंडर्सच्या एकाच लॉकवर. ज्याच्या हातात लॉक तो डिस्कवर लिहितोय, बाकी रांगेत. ऑगस्ट २०१५ मध्ये ती शाखा अधिकृतरीत्या बंद झाली, तरी अजून कुठे कुठे चालू असलेली दिसते.

वळीव, क्यू (ओळींची मेमरीतली रांग) आणि ती उपसणारा वेगळा थ्रेड लावालच, पण क्यू भरल्यावर काय होणार हे आजच ठरवा. ठरवलं नाहीत तर लायब्ररी तुमच्या वतीने ठरवते आणि बहुतेकांना ते माहीतही नसतं.

लॉगबॅक या जावाच्याच लायब्ररीतला एसिंकअपेंडर (ओळी क्यूत घेऊन वेगळ्या थ्रेडवर लिहिणारा भाग) घ्या. क्यूची लांबी डीफॉल्टने फक्त २५६. त्यातल्या २० टक्क्यांहून कमी जागा उरल्या, म्हणजे साधारण ५१, की तो ट्रेस, डीबग आणि इन्फोच्या, म्हणजे कमी महत्त्वाच्या पातळ्यांच्या ओळी गुपचूप टाकून देतो. वॉर्न आणि एरर ठेवतो. तरीही क्यू पूर्ण भरलीच तर ॲपचा थ्रेड पुन्हा थांबतो, कारण नेव्हरब्लॉक डीफॉल्टने बंद असतं. ते चालू केलं तर थांबत नाही, पण मग एररच्या ओळीही जातात. एकाच अपेंडरमध्ये असे तीन निर्णय दडलेत आणि 'आमचं लॉगिंग एसिंक आहे' असं छातीठोक सांगणाऱ्या किती टीम्सना यातला एक तरी माहीत असतो, याची मला खरंच काळजी वाटते. बिघाड शोधताना लॉगमध्ये ओळ नाही म्हणजे ती घटना घडलीच नाही, असं धरून लोक तास न् तास भलतीकडे शोधतात. ओळ घडली होती, ५१ च्या नियमात गेली होती.

लॉगफोरजे २ मध्ये एसिंक लॉगर रिंग बफर (ठरावीक जागांची गोल क्यू) वापरतो. तो खूप मोठा असतो, डीफॉल्टने २,६२,१४४ जागा (मेमरीत तात्पुरत्या वस्तूंचा कचरा न करणाऱ्या मोडमध्ये मात्र ४,०९६). भरला तर डीफॉल्ट धोरण थांबण्याचंच. डिस्कार्ड धोरण निवडलं तर इन्फो आणि त्याखालचं टाकलं जातं.

ओढ्याला बांध घातला म्हणून पाणी कमी होत नाही, ते मागे चढतं. क्यूचं तसंच आहे. डिस्क रोज सकाळी तासभर मंद असेल तर कुठलीही क्यू भरणारच. क्यू फक्त थोड्या वेळाचे झटके सोसते.

सांजवात | मंगळवार, सकाळी ९:०५

मी या क्षेत्रात नवीन आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर समजून घ्या. स्टडआउटवर ओ_नॉनब्लॉक ('थांबू नकोस' असं सांगणारा झेंडा) लावलं तर थांबण्याचा प्रश्नच मिटणार नाही का? आणि पायथनमध्ये जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणारं कुलूप) असताना वेगळ्या थ्रेडचा काय उपयोग? तो अडकला की सगळेच अडकणार ना?

आडवाट | मंगळवार, सकाळी ९:४०

सांजवात, दोन्ही प्रश्न चांगले आहेत.

जीआयएलचं आधी. राइटचा सिस्टिम कॉल करण्यापूर्वी पायथन जीआयएल सोडतो. त्यामुळे लॉगचा थ्रेड पाइपवर कितीही वेळ थांबला तरी लूपवाला थ्रेड चालू राहतो. उपयोग आहे, आणि पुरेपूर आहे.

ओ_नॉनब्लॉकचं मात्र जपून. साध्या फाइलीवर लिनक्समध्ये त्याचा काहीच परिणाम होत नाही. कर्नलच्या दृष्टीने साधी फाइल कायम तयार असते, म्हणूनच ईपोलला (कुठे लिहिता-वाचता येईल ते कळवणारी लिनक्सची सोय) साधी फाइल दिली तर तो चक्क नकार देतो. पाइपवर परिणाम होतो, पण तो झेंडा उघडलेल्या फाइल डिस्क्रिप्शनला चिकटतो, एकट्या प्रोसेसला नाही. तोच पाइप वारशाने मिळालेल्या इतर प्रोसेसनाही तो लागू होतो. तुम्ही सुरू केलेल्या एखाद्या चाइल्ड प्रोसेसने असा झेंडा लावला तर इकडे पायथनच्या साध्या प्रिंटला ब्लॉकिंगआयओएरर येऊ शकतो. शिवाय अर्धीच ओळ लिहिली गेली तर उरलेली सांभाळून पुन्हा लिहिण्याचं काम तुमच्या गळ्यात. त्यापेक्षा थ्रेड परवडला.

कातळ | मंगळवार, दुपारी १२:१५

ॲपच्या पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर तिकडेही एक नजर टाका. त्याचे वर्कर मोजकेच असतात आणि प्रत्येकावर हजारो कनेक्शन. ॲक्सेस लॉग तो साध्या राइटने लिहितो, तिथे अडकला तर त्या वर्करवरचं सगळं अडकतं. ॲक्सेस लॉगला बफर आणि फ्लशची वेळ द्या (उदा. ६४ केबी आणि पाच सेकंद). राइट एकदम कमी होतात. टेलने बघताना ओळी थोड्या उशिरा दिसतात, एवढंच.

आणि लॉगरोटेट (लॉगच्या फाइली ठरावीक काळाने बदलणारं साधन) जुन्या फाइलीचं जीझिप कधी करतो, म्हणजे ती दाबून लहान कधी करतो, ते तपासा. गर्दीच्या वेळी त्याच डिस्कवर ते चालू झालं की भर पडते.

पडवी | मंगळवार, रात्री ८:३०

मी पेमेंटच्या क्षेत्रात काम करते. वळीव, तुमच्या टीममधल्या दुसऱ्या गटाची बाजू मांडते, कारण ती इथे मागे पडतेय असं वाटलं.

'थोड्या ओळी गेल्या तर गेल्या' हे डीबगच्या बाबतीत ठीक. पण कोणी कुठलं बुकिंग रद्द केलं, भाडं कोणी बदललं, परतावा कोणी मंजूर केला, या गोष्टी तुम्ही त्याच लॉगर-इन्फोने लिहीत असाल तर दुखणं वेगळं आहे. ती माहिती क्यूत टाकून चालणार नाही आणि खरं सांगायचं तर स्टडआउटवर टाकूनही चालणार नाही. पाइप रिकामा असतानासुद्धा राइट परत आला याचा अर्थ ओळ डिस्कवर पोचली असा होत नाही. ती डीमनकडे असेल, पेज कॅशमध्ये असेल. मशीनची वीज गेली तर गेली. म्हणजे सिंक्रोनस लॉगिंगमध्ये जी सुरक्षितता आहे असं तुमच्या सहकाऱ्यांना वाटतंय, त्यातली बरीचशी तिथे मुळात नाहीच. ॲपची प्रोसेस एकटी मेली तर पाइपमध्ये गेलेल्या ओळी वाचतात, तेवढा फायदा खरा.

अशा गोष्टी डेटाबेसमध्ये, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, वेगळ्या ऑडिट टेबलात लिहा. बुकिंग रद्द झालं तर त्याची ऑडिट ओळ आहेच, आणि ऑडिट ओळ लिहिता आली नाही तर बुकिंगही रद्द होत नाही. इथे रिक्वेस्ट थांबली तर थांबू दे. ते थांबणं योग्य आहे.

कायद्याची बाजूही विसरू नका. कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहाराचा, कधीही बंद न करता येणारा ऑडिट ट्रेल १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे. तुमचं बुकिंग ॲप बिलं तयार करत असेल तर आपल्या सीएंना विचारून घ्या. आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे आयसीटी (माहिती आणि संपर्क) यंत्रणांचे लॉग १८० दिवस सांभाळायचे असतात. क्यू भरल्यावर ओळी टाकण्याचं धोरण लावताना कुठल्या ओळी या कक्षेत येतात, हे सुरक्षेचं काम बघणाऱ्या माणसाबरोबर बसून एकदा ठरवा. लॉगिन फसल्याच्या ओळी डीबगच्या शेजारी त्याच क्यूत असणं मला तरी पटत नाही.

आणखी एक, आग्रहाने सांगते. तुम्ही पूर्ण जेसन लॉग करताय आणि त्यात पत्ते आहेत. फोन नंबरही असतील. पाइप राहू द्या बाजूला, ती माहिती लॉगमध्ये जायलाच नको. फॉरवर्ड करणाऱ्या एजंटमार्फत ती आणखी चार ठिकाणी पोचलेली असणार.

मृगशीर्ष | मंगळवार, रात्री ८:५०

पडवीताई, शब्दन् शब्द पटला. धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

ओटीवरचा | मंगळवार, रात्री १०:१०

थोडा विरोधी सूर लावतो. तुम्ही सगळे ॲपमध्येच क्यू, थ्रेड, धोरणं घालायला सांगताय. हेरोकूवाल्यांच्या ट्वेल्व्ह-फॅक्टर या ॲप बांधण्याच्या नियमावलीत स्वच्छ म्हटलंय की ॲपने स्टडआउटवर लिहावं आणि पुढे त्याचं काय होतं याच्या फंदात पडू नये. डॉकरमध्ये लॉगचा मोड नॉन-ब्लॉकिंग करा, बफर वाढवा, संपलं. दहा सर्व्हिसेसमध्ये दहा वेळा हेच कोण लिहीत बसणार?

आडवाट | मंगळवार, रात्री १०:४०

ओटीवरचा, दहा सर्व्हिसेसचा मुद्दा रास्त आहे. एकच टीम सगळी यंत्रणा सांभाळत असेल तर डॉकरचा नॉन-ब्लॉकिंग मोड हा सगळ्यात स्वस्त उपाय, यात वाद नाही. पण त्याचा बफर डीफॉल्टने १ एमबी. वळीवच्या सहा-सात केबीच्या ओळींनी तो दीडशेच्या आसपास ओळींत भरतो. भरला की नव्या ओळी टाकल्या जातात, आणि तिथे डीबग कोणती, एरर कोणती हे डॉकरला कळत नाही. त्याच्या लेखी सगळे बाइट सारखे. डिस्क अडखळते त्याच मिनिटाला एरर येतात आणि नेमक्या त्याच जातात. ओळीचं मोल फक्त ॲपला ठाऊक असतं, म्हणून निवड ॲपमध्ये व्हावी असं माझं ठाम मत. दोन्ही लावा. ॲपमध्ये क्यू आणि निवड, डॉकरमध्ये मोठ्या बफरचा नॉन-ब्लॉकिंग मोड, शेवटचा आधार म्हणून.

तगर | बुधवार, सकाळी ८:२०

अवांतर वाटेल, पण याच जातीचं आहे. एका गिऱ्हाइकाच्या गोदामात विंडोजच्या मशीनवर जावाचा सर्व्हर काळ्या कन्सोल खिडकीत चालवलेला असायचा. महिन्यातून दोन-चारदा 'सर्व्हर बंद पडला' असा फोन. तिथे गेलं की सगळं सुरळीत. एकदा समोर उभी असतानाच घडलं. झाडलोट करताना कुणीतरी माउस सरकवला, खिडकीत क्लिक झालं, वरच्या पट्टीत 'सिलेक्ट' असा शब्द आला आणि ओळी सरकायच्या थांबल्या. क्विकएडिट मोड! खिडकीत मजकूर निवडलेला असेपर्यंत कन्सोलवर लिहिणारा प्रोग्रॅम थांबून राहतो. एंटर दाबलं की पुढे. तिथला मुनीम खिडकी बघायला यायचा, सवयीने एंटर दाबायचा आणि 'आपोआप चालू झाला' म्हणून कळवायचा. सर्व्हर विंडोज सर्व्हिस म्हणून बसवला, लॉग फाइलीत वळवला, तेव्हापासून एकही फोन नाही.

लिनक्सच्या टर्मिनलवर कंट्रोल-एस दाबलं गेलं तरी हेच होतं. कंट्रोल-क्यूने सुटतं.

वळीव | गुरुवार, रात्री ९:१५

मंडळी, तुमच्या प्रतिसादांवरून दोन दिवस काम केलं. सांगतो.

सगळ्यात आधी जेसन काढला. आता ओळीत बुकिंगचा क्रमांक, प्रकार, लागलेला वेळ आणि रिक्वेस्टचा आयडी, इतकंच. पडवीताईंनी सांगितल्यावर लॉगचा जुना साठा तपासला, फोन नंबर निघालेच. ते पुसण्याचं काम चालू आहे. भाडंबदल, रद्द करणं आणि परतावे ऑडिट टेबलात हलवले.

मग पायथनचे क्यूहँडलर (ओळ क्यूत टाकणारा) आणि क्यूलिसनर (वेगळ्या थ्रेडवर ती बाहेर लिहिणारा) लावले. तरीही काल सकाळी ॲप थोडा वेळ गोठलंच. पुन्हा डंप. या वेळी मुख्य थ्रेड आमच्या कोडमध्ये नव्हताच, युव्हिकॉर्नच्या ॲक्सेस लॉगमध्ये होता. युव्हिकॉर्न स्वतःच्या लॉगरना स्वतःचे हँडलर देतो आणि त्यांचं प्रोपगेट (ओळ वरच्या रूट लॉगरकडे पाठवणं) बंद ठेवतो, त्यामुळे रूट लॉगरवर लावलेली क्यू त्यांना शिवतच नाही! ते हँडलर काढून त्यांनाही क्यूवर आणलं. कोडमध्ये उरलेले प्रिंट शोधून काढले, एका लायब्ररीत दोन निघाले. आज सकाळची गर्दी एकदाही न गोठता गेली. डंप घेत राहिलो. लिसनरचा थ्रेड अधूनमधून पाइपवर उभा दिसतो, मुख्य थ्रेड कधीच नाही.

एक अडलंय. सध्या क्यूला मर्यादा नाही. मर्यादा घातली आणि क्यू भरली तर काय होतं, हे नीट उमगलेलं नाही.

पडवी | गुरुवार, रात्री ९:५०

वळीव, खूप बरं वाटलं वाचून. मर्यादा आजच घाला. अमर्याद क्यू म्हणजे डिस्क अडली की मेमरी फुगणार, मग कर्नलचा ओओएम किलर (मेमरी संपत आली की धावून येणारा) प्रोसेस मारणार आणि क्यूतल्या सगळ्या ओळी एका फटक्यात जाणार.

मर्यादा घातल्यावर मात्र पायथनची एक खोच आहे. क्यूहँडलर ओळ टाकताना न थांबणारा पुट वापरतो. क्यू भरलेली असेल तर अपवाद येतो आणि तो हँडलएररकडे जातो. हँडलएरर डीफॉल्टने काय करतो? अख्खा ट्रेसबॅक (चूक कुठून आली त्याची साखळी) स्टडएररवर (चुकांसाठीचं आउटपुट) छापतो. कंटेनरमध्ये स्टडएररही पाइपच, आणि वाचणारा तोच अडकलेला डीमन. म्हणजे जे टाळायला क्यू लावली तेच मुख्य थ्रेडवर परत, तेही एका ओळीऐवजी वीस ओळींनिशी. क्यूहँडलरचा उपवर्ग करून एनक्यू (ओळ क्यूत टाकणारी मेथड) स्वतः लिहा. क्यू भरली असेल तर पातळीवार काउंटर वाढवा आणि मुकाट परत या. तो काउंटर मेट्रिक्सच्या पत्त्यावर दाखवा, प्रोमिथियस (असे आकडे गोळा करणारं साधन) किंवा तुमच्याकडे जे असेल ते तिथून उचलेल. 'इतक्या ओळी टाकल्या' हे कृपया लॉगमध्ये लिहू नका, त्याच वेळी तीच वाट बंद असते. काउंटर शून्याच्या वर गेला की अलर्ट.

एररसाठी वेगळी छोटी क्यू ठेवा. इन्फोच्या पुरात त्यांची जागा जायला नको.

सांजवात | गुरुवार, रात्री १०:२०

हे सगळं वाचून आमच्याकडे गनिकॉर्नवर (अनेक वर्कर प्रोसेस चालवणारा पायथन सर्व्हर) करून बघितलं, पण क्यूत ओळी जातात आणि बाहेर काहीच येत नाही. लिसनर ॲप लोड होताना सुरू केलाय. प्रीलोड (वर्कर तयार होण्याआधीच ॲप लोड करणं) चालू आहे.

आडवाट | गुरुवार, रात्री १०:३५

प्रीलोडमुळेच. लिसनरचा थ्रेड मास्टर प्रोसेसमध्ये सुरू झाला आणि नंतर फोर्क झालं, म्हणजे मास्टरची नक्कल होऊन वर्कर बनले. फोर्कमध्ये फक्त फोर्क करणारा थ्रेड पलीकडे जातो, बाकीचे जात नाहीत. वर्करमध्ये क्यू आहे, उपसणारं कुणी नाही. पोस्ट_फोर्कच्या हुकमध्ये प्रत्येक वर्करसाठी नवी क्यू आणि नवा लिसनर सुरू कर, चालेल.

सांजवात | गुरुवार, रात्री ११:००

चाललं! आभार, आडवाटदादा.

वळीव | शुक्रवार, सकाळी ८:४५

पडवीताई, एनक्यू लिहून घेतलं, काउंटर लावला, एररची क्यू वेगळी केली. आता शेवटचा प्रश्न, जो आमच्या दुसऱ्या गटाचा मुळापासूनचा होता. डिप्लॉयच्या वेळी कंटेनर थांबवताना क्यूत उरलेल्या ओळी कशा वाचवायच्या?

पडवी | शुक्रवार, सकाळी ९:३०

आधी नव्या रिक्वेस्ट घेणं बंद, मग चालू असलेल्या संपू द्या, आणि सगळ्यात शेवटी लिसनरचा स्टॉप. हा क्रम पाळा. फास्टएपीआयमध्ये लाइफस्पॅनच्या (ॲप सुरू आणि बंद होताना चालणारा कोड) शेवटी ते बसतं. स्टॉप विसरलात तर लिसनरचा थ्रेड डीमन प्रकारचा असल्यामुळे प्रोसेस त्याच्यासाठी थांबत नाही आणि उरलेलं सगळं जातं.

दोन ठिकाणी लक्ष ठेवा. स्टॉप क्यूत एक खुणेची वस्तू टाकतो आणि तीही न थांबणाऱ्या पुटने. क्यू त्या क्षणी भरलेली असेल तर स्टॉपच अपवाद फेकतो. म्हणून ती खूण टाकणारी मेथडही उपवर्गात बदला आणि तिथे दोन-तीन सेकंद थांबायला परवानगी द्या. दुसरं, स्टॉप थ्रेड संपण्याची वाट बघतो. पाइप अडकलेला असेल तर ती वाट संपत नाही. डॉकर स्टॉप डीफॉल्टने १० सेकंद थांबून सिगकिल (प्रोसेस तडकाफडकी मारणारा इशारा) देतो, कुबरनेटिस (अनेक कंटेनर सांभाळणारी यंत्रणा) ३० सेकंद. चालू रिक्वेस्ट आणि क्यू उपसणं हे दोन्ही त्यात बसायला हवं. तुमच्या बुकिंगच्या सगळ्यात हळू रिक्वेस्टला किती लागतात ते बघा आणि डॉकरची मुदत त्याहून पाच-सात सेकंदांनी जास्त ठेवा.

वळीव | शुक्रवार, सकाळी ९:५०

सगळ्यात हळू रिक्वेस्ट आठ सेकंदांची आहे, म्हणजे दहाची मुदत तोकडीच. पंधरा करतो. डिस्कही बदलतोय, लॉगसाठी वेगळी, बर्स्टवाली नाही. सोमवारी सकाळच्या गर्दीत काउंटर काय दाखवतो ते इथेच टाकतो.